सॅटचे मार्क अमेरिकेतल्या कॉलेजांना कधी आणि कसे पाठवायचे? बेळगावकडच्या पालकांचा अनुभव हवा आहे

शहापूरची_आई

मंडळी, मुलगी सेकंड पीयूसी (म्हणजे कर्नाटकची बारावी) सायन्सला आहे, बेळगावातच. इथल्या सीईटीची तयारी चालूच आहे, पण तिला अमेरिकेतल्या कॉलेजांनाही अर्ज करायचे आहेत. स्कॉलरशिप मिळाली तरच जायचं, हे घरात आधीच बोलून झालंय. सॅट, म्हणजे तिकडच्या कॉलेज-प्रवेशाची परीक्षा, तिने पुण्याला जाऊन दिली, निकाल यायचा आहे.

अडलंय ते इथे. परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत नावं दिली तर ती परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड चार ठिकाणी स्कोअर फुकट पाठवतं. नंतर दर कॉलेजमागे डॉलरमध्ये पैसे. आणि निकाल येतो साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे फुकटची मुदत संपल्यावर! मुलीच्या बाबांचं म्हणणं, चार कॉलेजांचे पैसे वाचतात तर वाचवूया. मुलगी म्हणते, मार्क बघितल्याशिवाय कुठेही पाठवायचे नाहीत.

शिवाय तिला परीक्षा परत एकदा द्यायची आहे. मग पहिले मार्क कॉलेजला कळतातच का? तिच्या पीयू कॉलेजात हे आजवर कुणी केलेलं नाही. प्रिन्सिपॉल सर मदतीला तयार आहेत, पण त्यांनाही सगळं नवीन. आपल्या भागातून कुणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर सांगा. आज-उद्यात ठरवायचं आहे.

निपाणीकर

फुकट हाय तर घ्या की वो ताई. डॉलरचा भाव बघितलासा काय?

हिंडलगा_ते_ह्यूस्टन

निपाणीकर, पैसे वाचतात हे खरं, पण एकदा कॉलेजच्या हातात गेलेला स्कोअर परत मागवता येत नाही. म्हणून ताई, आधी मुलीची कॉलेजांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर परीक्षेबद्दल काय लिहिलंय ते वाचा. दुसऱ्या कुठल्या साईटवरची यादी चालणार नाही, कॉलेजचं स्वतःचं पान. नियम वर्षागणिक बदलतायत.

कोविडच्या काळात बहुतेकांनी परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅल्टेक यांनी तेच जाहीर केलं. येलने तेव्हा सॅट किंवा तशाच एसीटी परीक्षेऐवजी एपी किंवा आयबी या बाहेरच्या अभ्यासक्रमांचे मार्कही चालतील असं सांगितलं होतं, पण आपल्या पीयूसीच्या मुलांना त्याचा काय उपयोग? पर्ड्यूलाही सॅट किंवा एसीटी लागते. कोलंबियाने मात्र ती ऐच्छिकच ठेवायचं ठरवलं. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे सगळी, प्रवेशासाठी सॅट बघतच नाहीत. तिथे फुकटची एक जागा खर्च केलीत तर ती वायाच गेली.

यादी तीन ढिगांत वाटली की निम्मा प्रश्न सुटतो. लागतेच, ऐच्छिक, आणि बघत नाहीत.

तिसरं_रेल्वेगेट

ह्यूस्टनकर, एक महत्त्वाची गोष्ट राहिली. बऱ्याच कॉलेजांना अर्जाच्या वेळी कॉलेज बोर्डाकडून आलेला अधिकृत रिपोर्ट लागतच नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या साईटवर, मुलीने स्वतः मार्क भरायचे, पुढे प्रवेश मिळाला आणि तिने तो घेतला की मग त्या एकाच कॉलेजला अधिकृत रिपोर्ट पाठवायचा. एमआयटीसुद्धा स्वतः भरलेले मार्क चालवते. म्हणजे दहा-बारा कॉलेजांना अर्ज केला तरी पैसे एकाच ठिकाणचे लागू शकतात. मग नऊ दिवसांचा एवढा धसका घ्यायचं कारणच उरत नाही.

फक्त भरलेला आकडा तंतोतंत हवा. नंतर अधिकृत रिपोर्ट वेगळा निघाला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

उद्यमबाग_मेकॅनिकल

बेळगावात दर गल्लीत एमएसला गेलेला एखादा दादा असतो आणि तो जीआरईचे, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाच्या परीक्षेचे, नियम सांगतो. जीआरईला परीक्षा संपल्यावर स्क्रीनवर मार्क दिसतात आणि ते बघून त्याच दिवशी चार विद्यापीठं फुकट निवडता येतात. सॅटमध्ये आधी निवडायचं, मार्क मागून. दोन्ही चार-चारच आहेत म्हणून घोळ होतो. ताई, घरात कुणी जीआरई दिलेला असेल तर या बाबतीत त्याचं ऐकू नका.

शहापूरची_आई

उद्यमबाग, अगदी! पुतण्या हेच सांगत होता, म्हणून दोन दिवस आम्ही चक्रावलो होतो. तिसरं_रेल्वेगेट, हे कॉलेजच्या पानावर नेमकं कुठे असतं?

तिसरं_रेल्वेगेट

अ‍ॅडमिशनमध्ये 'स्टँडर्डाइज्ड टेस्टिंग' असं पान असतं. त्यात 'सेल्फ-रिपोर्टेड' शब्द शोधा. सापडला नाही तर मुलीनेच मेल करावा, तिच्या नावाने. उत्तर येतं.

कडोलीकर

मला एक कळत नाही. आपल्या पोरांना इथेच दोन राज्यांच्या परीक्षा देता येतात. कर्नाटकची केसीईटी द्या, महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी द्या, शिवाय खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांची कॉमेड-के. व्हीटीयू या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावात, पलीकडे सांगलीचं वालचंद, इचलकरंजीचं डीकेटीई. एवढं दारात असताना सात समुद्र कशाला? बँकेच्या कर्जापायी घरं गहाण पडलेली मी बघितलीत.

हिंडलगा_ते_ह्यूस्टन

कडोलीकर, कर्जाबद्दल तुमच्याशी सहमत. पण ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की स्कॉलरशिप मिळाली तरच. मुलगी इथली तयारीही करतेय.

पीयूसी_टू_खानापूर

मी पण सेकंड पीयूसीला आहे. अमेरिकेला नाही जाणार, पण कडोलीकर काकांनी दोन राज्यांचं लिहिलंय म्हणून विचारतो. केसीईटी आणि एमएचटी-सीईटी दोन्हीचे मार्क कॉलेजांना आपण पाठवायचे असतात काय?

येळ्ळूरचे_मास्तर

बाळा, पाठवायचे नसतात. कर्नाटकचं परीक्षा प्राधिकरण केईए आणि महाराष्ट्राचा सीईटी सेल, दोघे आपापली रँक स्वतः लावतात आणि कॉलेज अलॉट करतात. पण फरक लक्षात ठेव. केईए इंजिनिअरिंगच्या रँकला निम्मा भार सीईटीला देते आणि निम्मा पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला. आपल्या पीयू बोर्डाचे मार्क त्यांच्याकडे थेट जातात. सीबीएसईच्या किंवा कागल-कोल्हापूरकडे बारावी केलेल्या मुलांना मात्र ते पोर्टलवर स्वतः भरावे लागतात. निपाणीच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं, कारण भरले नाहीत तर रँकच लागत नाही.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, बारावी पात्रतेपुरती. आणि आपल्यासाठी तिथे प्रवेशाचा 'ई प्रकार' आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या टापूत दहावी किंवा बारावी केलेली, मातृभाषा मराठी असलेली मुलं त्यात येतात. मातृभाषेचा दाखला आणि सीमाभागाचा दाखला आधीपासून तयार ठेव. निकाल लागल्यावर धावाधाव करणारी किती मुलं दरवर्षी माझ्या दारात येतात! जागा मिळत असून कागदाअभावी हातची जाते, याचं फार वाईट वाटतं.

पीयूसी_टू_खानापूर

धन्यवाद सर. ई प्रकार माहीतच नव्हता. कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

खानापूरची_लेक

ताई, मार्क कधी पाठवायचे याच्याइतकंच कुठल्या नावाने पाठवायचे हे बघा. माझा भाऊ याच्यातून गेलाय.

त्याच्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डवर स्वतःचं नाव, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव सलग, आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर आडनाव सगळ्यात आधी. सॅटला नाव नोंदवलं ते पासपोर्टप्रमाणे, कॉमन अ‍ॅप भरलं मार्क्स कार्डाप्रमाणे. स्कोअर अधिकृतपणे गेला, पैसेही कापले गेले, पण एका विद्यापीठाच्या पोर्टलवर कितीतरी दिवस 'टेस्ट स्कोअर मिळालेला नाही' असंच दिसायचं. कारण तिथे आलेला स्कोअर नाव आणि जन्मतारखेवरून अर्जाशी जुळवतात. जुळला नाही की तो कुणाच्याच अर्जाला लागत नाही, तसाच पडून राहतो. शेवटी अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल केला. त्यात दोन्ही ठिकाणची नावं जशीच्या तशी, जन्मतारीख, कॉमन अ‍ॅपचा आयडी, सॅटचा नोंदणी क्रमांक आणि परीक्षेची तारीख असं सगळं दिलं. मग त्यांनी तो हाताने जोडून घेतला.

आणि जन्मतारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. तिकडे महिना आधी असतो. आपली ४ जुलै ०४/०७ अशी लिहिली तर त्यांच्या हिशेबी ती ७ एप्रिल होते.

निपाणीकर

हे भारी सांगितलंत. आमच्याकडं तर एकाच घरात तीन भावांची तीन आडनावं लागल्यात. कुणाला गावावरनं 'कर' लावलंय, कुणाला नाही.

गोवावेस

नावाचं अगदी खरं. ताई, पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे वापरा. व्हिसालाही शेवटी तेच लागतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. परत परीक्षा दिली तर पहिले मार्क कॉलेजला आपोआप जात नाहीत. 'स्कोअर चॉइस' म्हणून सोय आहे, कुठल्या तारखेचे पाठवायचे ते आपण ठरवायचं. फक्त तारीख अख्खी जाते. मॅथ्स या तारखेचं आणि इंग्रजी त्या तारखेचं असं तोडून पाठवता येत नाही. आणि काही कॉलेजं हा चॉइस मानत नाहीत, सगळ्या तारखा मागतात. जॉर्जटाऊन तसं मागत आलंय.

पण पहिले मार्क दडवायची एवढी घाई नको. बरीच कॉलेजं 'सुपरस्कोअर' करतात. म्हणजे पहिल्या वेळचं मॅथ्स ७६० आणि दुसऱ्या वेळचं इंग्रजी ७००, तर ते स्वतः दोन्ही उचलून १४६० धरतात. त्यासाठी दोन्ही तारखा त्यांच्याकडे जायला हव्यात. एकाच रिपोर्टमध्ये जास्त तारखा घातल्या तरी जादा पैसे पडत नाहीत.

येळ्ळूरचे_मास्तर

गोवावेस यांनी छान उलगडलं. पालकांना हे समजावताना मी पीयूसीचंच उदाहरण देतो. २०२४ पासून आपल्याकडे वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा आल्या आणि एकेका विषयाचे जे चांगले मार्क असतील ते ठेवता येतात. सुपरस्कोअर तसाच.

कॅम्पातली_मधू

ऐच्छिक असलेल्या ठिकाणी कमी मार्क पाठवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. नसलेल्या गोष्टीवरून कुणी नापास करत नाही. १२५० आले आणि कॉलेजात सगळे १५००वाले, तर कशाला आपणच आपल्या मुलीचा अर्ज खाली ओढायचा?

गोवावेस

मधूताई, तुमच्या उदाहरणापुरतं बरोबर. बहुतेक कॉलेजांचा 'कॉमन डेटा सेट' असतो, त्याच्या सी-९ भागात प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे मार्क कुठून कुठपर्यंत आहेत ते छापलेलं असतं. त्यातल्या खालच्या आकड्याच्याही बरेच खाली असेल तर ऐच्छिक ठिकाणी नका पाठवू.

पण आपल्या भागातल्या मुलांना मी सरसकट 'नका पाठवू' म्हणणार नाही. डार्टमथने २०२४ मध्ये परीक्षा परत आणली तेव्हा त्यांच्याच प्राध्यापकांच्या अभ्यासाचा आधार दिला होता. त्यात दिसलं की फारशा सोयी नसलेल्या घरांतल्या, शाळांतल्या काही मुलांनी आपला स्कोअर कमी समजून पाठवलाच नाही, आणि पाठवला असता तर त्यांना फायदा झाला असता. कारण तिथे अर्ज वाचणारा माणूस मुलगा कुठल्या शाळेतून आलाय हे बघून मार्क वाचतो.

आता विचार करा. मुंबई-दिल्लीच्या इंटरनॅशनल शाळा त्यांना पाठ आहेत. आपलं पीयू कॉलेज त्यांनी कधी ऐकलेलं नाही. ६०० पैकी ५७० म्हणजे किती चांगले हे त्यांना कसं कळावं? सॅटचा आकडा तेवढा त्यांना लगेच कळतो. मराठी शाळेतून दहावी, मग इंग्रजीतून पीयूसी सायन्स, क्लास नाही, जवळ परीक्षा केंद्र नाही, आणि तरी १४००. हा आकडा अभिमानाने पाठवायचा.

कॅम्पातली_मधू

हे मात्र मी धरलं नव्हतं. पण मग शाळा कसली आहे हे त्यांना सांगतं कोण? आपल्याकडे काउन्सेलर नावाचा माणूसच नसतो.

येळ्ळूरचे_मास्तर

प्रिन्सिपॉल सांगतात. कॉमन अ‍ॅपमध्ये 'स्कूल रिपोर्ट' असतो आणि त्याला 'स्कूल प्रोफाइल' जोडायचा. एक पान पुरतं. गाव कुठलं, कॉलेज सरकारी की अनुदानित, वर्गात मुलं किती, कुठल्या माध्यमाच्या शाळांतून येतात, किती मुलं घरातली पहिली शिकणारी, सायन्सला कुठले विषय मिळतात. एपी, आयबी इथे नाहीतच, हे एका ओळीत स्पष्ट लिहायचं. एसएसएलसी ६२५ ची आणि पीयूसी ६०० ची हेही लिहायचं, नाहीतर ते शंभराच्या हिशेबात गोंधळतात.

नववीपासूनचे मार्क मागतात. नववीचे बोर्डाकडे नसतात, हायस्कूलच्या हेडमास्तरांकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावे लागतात. मराठी किंवा कन्नडमध्ये असतील तर इंग्रजी भाषांतर सोबत. नोव्हेंबर, जानेवारीच्या मुदती असताना सेकंड पीयूसीचा निकाल कुठून येणार? तेव्हा फर्स्ट पीयूसी आणि सहामाहीचे मार्क द्यायचे. आमच्या एका विद्यार्थिनीसाठी आम्ही तिघा शिक्षकांनी बसून हा प्रोफाइल केला होता. काम संध्याकाळभराचं आहे, पण मुलांना ते विनवण्या करून मागावं लागतं. कॉलेजांनी आपणहून केलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कडोलीकर

मास्तर, हे खरंच इथल्या प्रत्येक कॉलेजात व्हायला हवं. अमेरिका राहू दे, पोरगी पुण्याला, दिल्लीला अर्ज करायला गेली तरी हेच कागद लागतात.

हिंडलगा_ते_ह्यूस्टन

पैशाचं एक सांगून ठेवतो. परदेशी मुलांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं 'हिला किती मदत लागेल' हेही बघून प्रवेश ठरवतात. ते न बघणारी एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच, आणि तिथे स्पर्धा प्रचंड. काही सरकारी विद्यापीठं मार्क आणि सॅट बघून फीत सूट देतात. अशा ठिकाणी प्रवेशाला परीक्षा ऐच्छिक असली तरी स्कॉलरशिपला ती ऐच्छिक आहे का, हे वेगळं वाचा. दोन्हीचे नियम दोन पानांवर असतात.

शहापूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलगी, तिचे बाबा आणि मी यादी घेऊन बसलो. बारा नावं होती. दोन कॅलिफोर्नियाची, तिथे मार्क पाठवायचेच नाहीत. सात ठिकाणी स्वतः भरलेले मार्क चालतात, पानावर तसं लिहिलेलं सापडलं. उरली तीन. त्यातलं एक अर्जाच्या वेळी अधिकृत रिपोर्ट आणि सगळ्या तारखा मागतं, म्हणजे तिथे आज ना उद्या जाणारच, म्हणून ते फुकटात टाकलं. दुसरं सुपरस्कोअर करतं, तेही टाकलं. तिसऱ्याचं पान वाचून नीट कळत नाही, मुलीने त्यांना मेल केलाय. फुकटच्या दोन जागा तशाच सोडून देतोय, आणि बाबांचीही त्याला हरकत नाही.

ती परीक्षा परत देणार आहे. मास्तर, प्रोफाइलचं प्रिन्सिपॉल सरांशी बोलले. ते म्हणाले, नमुना मिळाला तर लगेच करतो. तुमच्याकडचा मिळेल का?

येळ्ळूरचे_मास्तर

जरूर. विद्यार्थिनीचा तपशील काढून कोरा नमुना देतो. तुमच्या सरांना कॉलेजच्या अधिकृत मेल आयडीवरून मला लिहायला सांगा, कारण कॉमन अ‍ॅपलाही शिफारस त्याच आयडीवरून गेलेली बरी. साध्या खासगी मेलवरून गेली की तिकडून चौकशी येऊ शकते.

निपाणीकर

ताई, अ‍ॅडमिशन झाली की कुंदा पाहिजे. निपाणीपर्यंत पोचवा.

खानापूरची_लेक

आणि ती दोन फुकटची पाठवलीत त्यात नाव कसं गेलंय ते आजच तपासा. 

शहापूरची_आई

तपासलं. सॅटला पासपोर्टप्रमाणे आहे, कॉमन अ‍ॅपला वडिलांचं नाव राहिलं होतं, ते आत्ताच घातलं.

पीयूसी_टू_खानापूर

मास्तर, तो सीमाभागाचा दाखला कोण देतं? तहसीलदार ऑफिसात विचारलं तर ते म्हणाले असला दाखला नसतो.

येळ्ळूरचे_मास्तर

नुसतं 'सीमाभागाचा दाखला द्या' म्हणून मागू नकोस. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत शेवटी नमुने छापलेले असतात, त्यात ई प्रकाराचे काढून प्रिंट घे. सही कुणाची लागते ते नमुन्याखालीच लिहिलेलं असतं. मातृभाषेच्या दाखल्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर बघायला सांग, त्यात तुझी मातृभाषा मराठी अशी नोंद असणार. तरी अडलं तर रविवारी येळ्ळूरला ये, मी घरीच आहे. येताना एसएसएलसीचं मार्क्स कार्ड घेऊन ये.